हळू सांगायची गोष्ट

प्रभाकररावांना काहीही सांगायचं म्हणजे ते ओरडून सांगण्यासारखं आहे का, हे आधी बघावं लागे. जेवायला चला, हे ओरडून सांगता येतं. गॅस संपला, भाच्याचं लग्न ठरलं, तुमचा शर्ट उलटा आहे, हेही सांगता येतं. पण गर्भाशयाची पिशवी काढायची आहे आणि दवाखान्यात नवऱ्याला सोबत आणा म्हणून सांगितलं आहे, हे कसं ओरडणार? देवकाबाईंना नेमकं तेच सांगायचं होतं.

देवळीच्या बाजार ओळीत त्यांचं किराण्याचं दुकान आणि दुकानाच्या पाठीमागे दोन खोल्यांचं घर. एका भिंतीपलीकडे लहानूचं सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या भिंतीपलीकडे कौशल्याबाईची शिलाई मशीन. भिंती अर्ध्या विटेच्या. इकडे फोडणी दिली की तिकडे शिंका येत. तिकडे लहानू कोणाला शिवी देई ती इकडे देवघरापर्यंत पोचे. अशा घरात बाईमाणसानं आपलं दुखणं ओरडून सांगायचं म्हणजे दवंडी पिटायला कोतवाल वेगळा कशाला हवा?

अंगावरून जायला पोळ्यापासून सुरुवात झाली होती. त्या वयात ते पुन्हा सुरू व्हायला नको, एवढं देवकाबाईंना कळत होतं. त्यांनी महिनाभर अंगावर काढलं. मग नागपूरची लेक रीता आली, तिनं आईचा चेहरा पाहिला आणि सरळ वर्ध्याच्या दवाखान्यात घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, सोनोग्राफी केली, तुकडा तपासायला पाठवला. पिशवी काढावी लागेल, म्हणाल्या. दसरा होऊ द्या, पण कोजागिरीच्या आत भरती व्हा, आणि येताना नवऱ्याला घेऊन या.

"मीच सांगून देतो बाबाले," रीता परतीच्या बसमध्ये म्हणाली. "फोनवर लिहून टाकतो पायजे तर."

"काई लिहू नोको. त्याईचा फोन रोज गल्ल्यावर पडलेला राह्यते. अर्ध गाव त्याच्यात डोकावते."

"मंग कागदावर लिहून दे."

देवकाबाईंना त्यातही हसू आलं. त्यांच्या घरात आलेला कागद कधी कागद म्हणून टिकला नव्हता. लग्नाच्या पत्रिका, पोरांच्या जुन्या वह्या, विजेचं बिल, जे हाताला लागेल त्याची प्रभाकरराव पुडी बांधत. आपल्या दुखण्याची चिठ्ठी कोणाच्या तरी घरी जिऱ्यासोबत जाईल, याची त्यांना खात्री होती.

"मीच सांगीन," त्या म्हणाल्या. "माया नवरा होय तो. आपल्या तोंडानं सांगीन. कानात मशीन पायजे फक्त."

मशीन होतं. पुण्याच्या प्रफुलनं, त्यांच्या मुलानं, दोन वर्षांपूर्वी सुट्टीत येऊन बापाला वर्ध्याला नेलं होतं आणि कानामागे लावायचं चांगलं मशीन घेऊन दिलं होतं. पण मशीनला सेल लागतात. शर्टाच्या बटणाएवढा गोल सेल, त्याच्या पाठीवर केशरी स्टिकर. स्टिकर काढलं की सेल चालू. आणि प्रभाकरराव म्हणजे उभा जन्म काटा मारण्यात नाही, पण काटकसरीत गेलेला माणूस. पोत्याची सुतळी सोडवून ते तिचं पुन्हा भेंडोळं करत. सेल आठवडा-दीड आठवडा चालतो हे ऐकल्यावर त्यांनी आपला हिशेब काढला. कान लागतो तो गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक आलं की मशीन कानात, गिऱ्हाईक गेलं की मशीन बाहेर. सेल काढायचा, तेच केशरी स्टिकर जिभेनं ओलं करून पुन्हा चिकटवायचं आणि सेल गल्ल्यात चिल्लरीवर टाकायचा. म्हणजे तो झोपला, खर्च थांबला, असं त्यांना वाटे.

घरात मशीन घालायचा प्रश्नच नव्हता. जेवताना, चहा पिताना, दुपारी पाठ टेकताना ते आपल्या शांततेत असत. देवकाबाईंनी एकदा खुणा करून विचारलं होतं, घरात का नाही लावत? तर सहजपणे म्हणाले, "घरी काय आयकाचं आहे मले?"

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. साधं उत्तर होतं. त्यामुळेच ते देवकाबाईंच्या जिव्हारी लागलं. भांडावं तर भांडणसुद्धा ओरडूनच करावं लागणार, आणि ओरडायला त्यांच्यात आता त्राण नव्हतं. आधीच दिवसभर ओरडून घसा दुखे. ओरडण्याची आणखी एक खोड म्हणजे बोलण्यातला सगळा ओलावा निघून जातो. 'थोडं दही घ्या' हे मायेनं म्हटलेलंसुद्धा ओरडल्यावर खेकसल्यासारखं वाटतं. गेली कित्येक वर्षं त्या घरात माणसं दोन होती आणि त्यातलं एक सारखं खेकसत होतं. देवकाबाईंना स्वतःलाही ते आवडत नव्हतं.

रीतानं निघताना वर्ध्याहून आणलेलं नव्या सेलचं अख्खं पाकीट आईच्या हातात ठेवलं. देवकाबाईंनी दिवस मनात धरला. दसऱ्याचा. वर्षातून त्या एका दुपारी दुकान बंद असतं. सकाळी काट्याची पूजा होते, मग जेवण होतं, मग संध्याकाळी सोनं वाटायला निघेपर्यंत प्रभाकरराव घरी असतात. शेजारचा लहानूही त्या दिवशी हातोडी उचलत नाही. त्या दुपारी नवा सेल घालायचा, जवळ बसायचं आणि सांगायचं. पाकीट त्यांनी देवघरात, कापसाच्या वातींच्या डब्यात जपून ठेवलं.

आणि घोळ झाला तो तिथेच.

दसऱ्याला प्रभाकररावांची पूजा मोठी. जे जे पोटाला देतं ते सगळं पाटावर यायला हवं. जुना पितळी तराजू, वजनं, नवा लाइटचा काटा, कात्री, दाभण, गुळाचा सुरा, कॅल्क्युलेटर, आणि फोनवरून पैसे आले की मोठ्यानं आकडा बोलणारा डबासुद्धा, जो कानात मशीन नसलं की बाजार ओळीत फक्त त्यांनाच ऐकू येत नसे. प्रभाकरराव आंघोळीला गेले होते आणि देवकाबाई पाट मांडत होत्या. मांडता मांडता त्यांच्या मनात आलं, सगळी हत्यारं देवापुढे बसली आणि आज ज्याच्यावर आपला सारा भरवसा, तेच मागे राहिलं. त्यांनी मशीन आणून ठेवलं. मग पाकीट आणलं. पण देवापुढे वस्तू ठेवायची ती गुंडाळलेली कशी ठेवायची? नवं भांडं पूजेला ठेवताना त्याचं लेबल काढतातच ना? त्यांनी पाकीट फोडलं आणि नखानं एकेक करत सगळ्या सेलांची केशरी स्टिकरं काढून टाकली. खाली सेलाच्या अंगावर सुईच्या टोकाएवढी बारीक भोकं होती. ती बाजू वर करून सगळे सेल ओळीनं मांडले, हळदी-कुंकवात पाणी घालून प्रत्येकाला ठसठशीत बोट लावलं, वर अक्षता वाहिल्या. "आज मायं आयक," असं मनात म्हणाल्या आणि डोळे मिटले.

दुपारी जेवणं झाली. प्रभाकरराव खाटेवर टेकले. देवकाबाईंनी पदरानं एक सेल पुसला, मशीनच्या घरात बसवला आणि ते त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी भुवया उंचावल्या, पण सणाचा दिवस म्हणून काही न बोलता कानात घातलं.

"काईच नाई," ते म्हणाले.

दुसरा सेल. तिसरा. एकानं टुंई केलं आणि गप्प बसला. देवकाबाई कुंकू टोकरत होत्या, फुंकर घालत होत्या, पदराचं टोक थुंकीनं ओलं करून पुसत होत्या. शेवटचा सेलही मुका निघाला तेव्हा त्यांच्या बोटांची टोकं लाल झाली होती.

"राहू दे. उद्या पाहू," प्रभाकरराव म्हणाले, आणि कूस बदलून झोपले.

देवकाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि ओट्याला टेकून रडल्या. रडायला मोकळीक होती. त्या घरात त्यांचं रडणं कोणाला ऐकू येणार होतं?

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं, तर गल्ल्यातला चालू सेलही संपलेला निघाला. गिऱ्हाइकांना प्रभाकरराव मान हलवून हलवून माल देऊ लागले. साखर मागणाऱ्याला सोडा मिळाला. तरी वर्ध्याला जायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. सोयाबीन निघालं होतं, बाजार भरात होता, दुकान सोडून कसं जायचं? मग देवकाबाईच निघाल्या. कंबर दुखत होती, पायात गोळे येत होते, बसमध्ये उभं राहावं लागलं. सोयाबीनच्या कुटाराचा भुसा उडून डोळ्यात गेला. आपल्याच दुखण्याची बातमी आपल्या नवऱ्याला द्यायला आपणच बसचे धक्के खात निघालो, असं मनात येऊन त्यांना स्वतःची कीव आली.

कानाच्या मशीनच्या दुकानात अंकिता नावाची मुलगी होती. देवकाबाईंनी जुने सेल पदराच्या गाठीतून सोडून तिच्या काचेच्या टेबलावर ठेवले आणि काय झालं ते सगळं सांगायला लागल्या. अंकितानं थोडं ऐकून घेतलं, मग हात पुढे केला.

"काकू, हळू बोला. मला ऐकू येतं."

बाकावर बसलेल्या दोन बायका पदरात हसल्या. देवकाबाईंना खरंच कळलं नव्हतं. आपण नेहमीसारखंच बोलत होतो, असं त्यांना वाटत होतं. नेहमीसारखंच बोलत होत्या, हेच तर खरं होतं.

अंकितानं सेल उलटा केला आणि कुंकवानं बुजलेली भोकं पाहिली. ती हसली नाही. म्हणाली, "हे सेल हवेवर चालतात काकू. स्टिकर काढलं की भोकातून हवा जाते आणि सेल जागा होतो. एकदा जागा झाला की वापरा नाहीतर ठेवून द्या, तो संपत राहणार. पुन्हा स्टिकर चिकटवून झोपत नाही."

"आमचे हे तर रोजच चिकटवते. अन् गल्ल्यात ठेवते, चिल्लरीत." या वेळी देवकाबाईंनी आवाज जपून काढला. तो घोगरा आला, मध्येच तुटला.

"चिल्लरीला लागून तर आणखी लवकर जातो. काकांना सांगा, सेल वाचवून वाचत नाही. त्यापेक्षा दिवसभर कानातच ठेवा. झोपताना मशीनचं झाकण उघडं ठेवायचं, एवढंच. आणि नवा सेल घालताना हात कोरडे, स्टिकर एकाचंच काढायचं, थोडा वेळ तसाच उघडा ठेवायचा, हवा पिऊ द्यायची, मग झाकण लावायचं. हळद-कुंकू मात्र मशीनच्या डबीला लावा हो. आतल्याला नको."

देवकाबाई नवं पाकीट घेऊन निघाल्या. बसमध्ये या वेळी खिडकी मिळाली. त्यांना आपलं लग्न होऊन आल्याचं साल आठवलं. वडनेरच्या मोठ्या खटल्यातून आलेली मुलगी, इथे सासू-सासरे, दीर, जावा, आवाज म्हणून कसा तो नव्हताच. प्रभाकरराव गल्ल्यावरून मागे वळून म्हणायचे, मोठ्यानं बोल, मी काय खाऊन टाकतो का तुले? तो हळू आवाज कुठे गेला? की इतकी वर्षं ओरडण्याखाली तो तसाच पडून होता? त्यांनी खिडकीकडे तोंड करून हळूच म्हणून पाहिलं, "अजी, मले दवाखान्यात..." पुन्हा म्हटलं. पुन्हा. शेजारची म्हातारी त्यांचे हलणारे ओठ पाहून जरा सरकून बसली आणि हात जोडून म्हणाली, "घ्या बाई घ्या, नाव घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी बाजार जरा निवला. प्रभाकरराव जेवायला आत आले. त्यांचं जेवण होईपर्यंत देवकाबाईंनी हात धुतले, कोरडे पुसले, पाकिटातून एकच सेल काढला, स्टिकर सोललं आणि सेल टेबलावर उघडा ठेवला. प्रभाकरराव हात धुऊन येऊन पाहू लागले.

"हे काय करून राह्यली? लावत काऊन नाई?"

त्यांनी हातानंच थांबा म्हटलं. सेलाला पुरेशी हवा पिऊ दिली. मग तो मशीनच्या घरात बसवला, झाकण लावलं आणि स्वतःच्या हातानं नवऱ्याच्या कानात मशीन घातलं. कान थंड होता. त्याला असा हात लावून किती वर्षं झाली होती, कोण जाणे.

प्रभाकररावांनी डोळे बारीक केले. "पंखा लय वाजून राह्यला," ते म्हणाले. "आधीपासून वाजते काय?"

देवकाबाईंनी मान हलवली. दुकानाकडचं दार लोटून कडी लावली. पलीकडे लहानू टणटण रिंग ठोकत होता, कौशल्याबाईची मशीन घरघरत होती. त्या आवाजाआड हळू बोललेलं कोणाला जाणार नव्हतं. त्या खाटेवर नवऱ्याच्या अगदी जवळ बसल्या. बसमध्ये घोकलेलं सगळं ओठावर तयार होतं.

प्रभाकररावांनी मान वाकडी केली आणि सवयीनं तळहात कानामागे धरला.

त्या तळहातानं घात केला. कित्येक वर्षं तो हात वर गेला की देवकाबाईंच्या पोटातून ओरड निघत होती. तीच निघाली.

"अजी, मायी पिशवी काढाची आहे! दवाखान्यात तुमाले बलावलं!"

लहानूची हातोडी थांबली. शिलाई मशीन थांबली. प्रभाकरराव दचकून मागे सरकले, हात कानावर गेला, चेहरा कळवळला. पण त्यांनी मशीन काढलं नाही.

देवकाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. शरमेनं त्यांचे कान जळत होते. सगळं सगळं वाया गेलं, असं त्यांना वाटलं. पाकीट, बस, कडी, सगळं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून कौशल्याबाईचा आवाज आला, निवांत, जणू ती खोलीतच बसली होती. "देवकाबाई, मायी बी काढली वो! चार रोज दुखते, मंग काई नाई होत. भिऊ नोका! पोया-भाजी मी करून देतो भाऊले!"

प्रभाकरराव भिंतीकडे बघत राहिले. "हे कोन बोललं?"

"कौशल्या," देवकाबाई तोंडावरचे हात न काढताच म्हणाल्या.

"तिची बी?"

त्यांनी मान हलवली. पलीकडे लहानूनं मोठ्यानं घसा खाकरला आणि हातोडी पुन्हा सुरू केली, जरा जास्तच जोरात. त्याला आपण काही ऐकलं नाही, असं कळवायचं होतं.

प्रभाकरराव पुढे झुकले. "हळू बोल," ते म्हणाले. "आयकू येते मले. कवापासून आहे हे?"

"पोळ्यापासून." या वेळी आवाज हळू निघाला. घोगरा, पातळ, पण हळू.

"मंग सांगतलं काऊन नाई?"

देवकाबाई म्हणाल्या, "कोनाच्या कानात सांगू? कान तर गल्ल्यात राह्यते तुमचा."

प्रभाकरराव खाली मान घालून चादरीचा एक दोरा उपटत राहिले. मग उठले, कडी काढली आणि दुकानात गेले. शटर खाली ओढल्याचा खडखडाट देवकाबाईंनी ऐकला. सुगीच्या दिवसात, भर दुपारी. परत येताना त्यांनी गल्ल्यातला, स्टिकर चिकटवलेला जुना सेल आणून कचऱ्यात टाकला.

"कवा बलावलं?" त्यांनी विचारलं.

"कोजागिरीच्या आंदी."

"मंग उद्याच जाऊ," ते म्हणाले. "सकाळच्या गाडीनं."

"हाव."

"कपडे काय घ्या लागते ते काढून ठेव."

"हाव."

बोलणं संपलं होतं. सांगायचं ते सांगून झालं होतं, ठरायचं ते ठरलं होतं. प्रभाकररावांचा हात सवयीनं कानाकडे गेला, काम झालं की तो जायचाच. बोटांनी मशीनची कड धरली.

देवकाबाई त्या हाताकडे पाहत होत्या. आता ते काढतील, आणि मग पुन्हा कधी, काय माहीत. एवढ्यात काय सांगावं? इतकी वर्षं राहिलेलं किती तरी होतं, पण आठवेना. जे सगळ्यांत वर होतं तेच बाहेर पडलं, ओरडून कधीच सांगता आलं नसतं असं.

"थकली जी मी," त्या म्हणाल्या. "लय थकली."

हात तिथेच थांबला. प्रभाकररावांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं, बऱ्याच दिवसांनी पाहावं तसं. मग कड सोडली, हात खाली घेतला आणि ते पुन्हा खाटेवर त्यांच्या शेजारी येऊन बसले.

बाहेर कोणी तरी शटरवर थाप मारली. "शेट, पावभर तेल पायजे होतं!" पुन्हा थाप मारली.

ते दोघांनाही ऐकू आलं. उठलं कोणीच नाही.